तारणावाचून पत

शेजारणीने शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी न्यावी आणि वाणसामान आले की तीच वाटी थोडी शीग लावून परत करावी, हा आपल्या घराघरांतला जुना व्यवहार आहे. त्याला कागद लागत नाही, साक्षीदार लागत नाही, तारण लागत नाही. आणि तरीही तो सहसा बुडत नाही. कारण उघड आहे. देणारी आणि घेणारी एकमेकींना ओळखतात, आणि उद्या पुन्हा एकमेकींच्या दारी जावयाचे आहे हे दोघींनाही ठाऊक असते. परंतु हीच बाई वाटीभर साखरेऐवजी थोडेसे भांडवल मागण्यासाठी पेढीच्या दारात उभी राहिली, की सारा रागरंग पालटतो. “तारण काय?” हा पहिला प्रश्न येतो. घर नवऱ्याच्या नावावर, जमीन सासऱ्याच्या नावावर. अंगावर दोन डाग असलेच तर ते आधीच गहाण. मग तिला उरतो तो सावकार.

गरिबाला, आणि त्यातही गरीब स्त्रीला, पत का नसावी, हा प्रश्न आपल्या गल्लीपुरता नाही, की आपल्या देशापुरताही नाही. जगात जेथे जेथे दारिद्र्य आहे तेथे तेथे तो कोणत्या ना कोणत्या रूपात आढळतो. गेल्या पावणेदोनशे वर्षांत निरनिराळ्या देशांतील काही माणसांनी तो हाती घेतला. सरकार काही करील म्हणून ती स्वस्थ बसली नाहीत, आणि केवळ दानधर्मावरही विसंबली नाहीत. त्यांनी रीतसर पेढी उघडली, हिशेब ठेवले, व्याज घेतले. मात्र हेतू नफ्याचा ठेवला नाही. अलीकडे या प्रकाराला ‘सामाजिक उद्योजकता’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव नवे, गोष्ट जुनी. वर्धापनदिनाच्या निमित्ताने तिची हकीकत भगिनींपुढे थोडक्यात मांडावी, असा या लेखाचा उद्देश आहे.

कर्ज माणसाला कोठवर नेते हे पाहण्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी १२ मे १८७५ रोजी, बाजारच्या दिवशी, आसपासच्या गावचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. त्यांचा रोख विशेषतः एकाच वस्तूवर होता. त्यांना कर्जरोखे हवे होते, दस्तऐवज हवे होते. ते हाती लागताच त्यांनी त्यांची होळी केली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावी पोहोचले. शारीरिक इजा त्या मानाने फार थोड्यांना झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लोकांचा संताप माणसापेक्षा कागदावर होता.

त्या कागदामागे मोठा इतिहास होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने सारा वाढविला. जो सावकार काल बोलावून पैसे देत होता तो आज दार लावून बसला. शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हते. कागदावर काय लिहिले आहे हे न समजता त्याने अंगठा उठविलेला असे. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये असा आपला जुना दामदुप्पटीचा दंडक होता. पण दर दोन-तीन वर्षांनी नवा कागद करून व्याजच मुद्दलात मिळविले, म्हणजे तो दंडक कागदावरच राहतो. सरकारने चौकशी मंडळ नेमले, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. कोर्टात गेलेल्या शेतकऱ्याला त्याने थोडे संरक्षण मिळाले, हे खरे. परंतु पेरणीच्या वेळी बियाण्याला पैसा कोठून आणावा, या प्रश्नाला कायद्यापाशी उत्तर नव्हते. सावकाराचा कागद जाळता येतो. सावकाराची गरज जाळता येत नाही.

हाच प्रश्न सुमारे तीस वर्षांपूर्वी जर्मनीतील एका तरुण अधिकाऱ्यापुढे उभा राहिला होता. फ्रीड्रिश विल्हेल्म रायफायझेन हे त्याचे नाव. १८४५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, वेस्टरवाल्ड या डोंगराळ आणि गरीब मुलखातील वायरबुश येथील गावांचा तो प्रमुख झाला. पुढच्याच वर्षी पीक बुडाले आणि १८४६-४७ च्या हिवाळ्यात लोकांची उपासमार होऊ लागली. सरकारी कोठारातून पीठ आले, पण हुकूम असा की ते रोख पैसे घेऊनच द्यावे. ज्यांच्यापाशी रोख पैसा होता ते उपाशी नव्हतेच! रायफायझेनने हुकूम बाजूला ठेवून पीठ उधारीवर वाटले. गावातील खात्यापित्या लोकांना त्याने एकत्र केले, त्यांच्या पैशाने धान्य आणविले, गावची भट्टी बांधविली, आणि स्वस्त भावाने पाव विकला.

पुढे फ्लामर्सफेल्ड येथे बदली झाल्यावर १८४९ मध्ये त्याने गरीब शेतकऱ्यांना गुरे घेण्यासाठी पैसे मिळावे म्हणून एक मंडळ काढले. त्यातही श्रीमंतांनी जामीन राहावयाचे आणि गरिबांनी कर्ज घ्यावयाचे अशी योजना होती. पहिली काही वर्षे उत्साहात गेली. मग जामीन राहणारे एकेक करून अंग काढून घेऊ लागले. दुसऱ्याचे ओझे माणूस दयेने उचलतो, पण फार दिवस वाहत नाही. हा अनुभव घेऊन रायफायझेनने १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे निराळ्या पायावर पतपेढी उभारली. ज्याला कर्ज हवे त्याने स्वतः सभासद व्हावे. पेढीच्या देण्याची जबाबदारी सर्व सभासदांनी मिळून घ्यावी. पेढीचे क्षेत्र एका गावाच्या परिसराएवढेच असावे, म्हणजे कोण कामसू, कोण उधळ्या हे सर्वांना माहीत असते. हिशेबनिसाखेरीज कोणी वेतन घेऊ नये. आणि शिल्लक राहील ती वाटून न घेता गंगाजळीत टाकावी. येथे तारणाची जागा ओळखीने घेतली. जमीनजुमला कोणापाशी असो वा नसो, शेजाऱ्यांना त्याची माहिती होती, आणि तो बुडाला तर शेजारीही बुडणार होते. म्हणून ते त्याच्यावर लक्षही ठेवीत आणि त्याला हातही देत.

या कामात एका मुलीचा वाटा मोठा आहे. रायफायझेनची दृष्टी अधू होत गेली, इतकी की १८६५ मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली. त्याची थोरली मुलगी आमाली ही त्याचे डोळे बनली. पत्रव्यवहार तिने सांभाळला. १८६६ मध्ये पतपेढ्यांविषयी त्याचे जे पुस्तक निघाले त्याच्या लेखनातही तिचे हात राबले. त्या पुस्तकाच्या आधारे जर्मनीभर आणि पुढे इतर देशांत पतपेढ्या निघाल्या. वडिलांचे नाव जगाला ठाऊक झाले. मुलीचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्या घरांतील कितीतरी कामांचे असेच होते, म्हणून येथे मुद्दाम तिचे स्मरण केले.

जर्मनीतील हा प्रयोग आपल्या देशापर्यंत येण्यास वेळ लागला. १८८२ मध्ये सर विल्यम वेडरबर्न यांनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या साहाय्याने पुरंदर तालुक्यात शेतकऱ्यांसाठी पेढी काढण्याची योजना मांडली होती. ती विलायत सरकारने मंजूर केली नाही. पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्यास युरोपातील पतपेढ्यांचा अभ्यास करण्यास सांगितले. त्याने मोठा अहवाल लिहिला, आणि त्याचे सार असे की हिंदुस्थानाने रायफायझेनसारखा माणूस शोधावा. १९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला तो याच धर्तीवर. मुंबईत सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांनी १९११ मध्ये सहकारी पेढ्यांची मध्यवर्ती बँक काढली. गावोगावी सोसायट्या निघाल्या.

तथापि कायदा झाला म्हणजे काम झाले असे नव्हे. १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी करविली. तिचे मार्गदर्शन करणाऱ्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळ होते. तेव्हा असे दिसून आले की शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपये कर्जापैकी सहकारी सोसायट्यांकडून आलेले जेमतेम तीन रुपये होते. सावकारांकडून आलेले सत्तरच्या आसपास. पन्नास वर्षांच्या खटपटीचे हे फळ! आणि त्या तीन रुपयांतही बाईच्या वाट्याला काय आले असेल, याची कल्पना भगिनींनी करावी. सोसायटीचा सभासद म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचे नाव तो. ज्या बाईच्या नावावर जमीन नाही, गाय नाही, घर नाही, तिला त्या दाराशी उभे राहण्याचेच कारण नव्हते. दार बंद होते असेही नव्हे. तिच्यासाठी दार म्हणून ते काढलेलेच नव्हते.

ते दार स्त्रियांनी स्वतः काढले. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. जसवंतीबेन पोपट ही त्यांपैकी एक. भांडवल म्हणून त्यांनी ऐंशी रुपये कर्जाऊ घेतले होते. ते देणारे गृहस्थ छगनलाल करमसी पारेख हे नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सभासद होते. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. पुढे ‘लिज्जत’ हे नाव घरोघर पोहोचले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पण त्यातील एक नियम सर्वश्रुत नाही, तो सांगितला पाहिजे. देणगी कोणाकडूनही घ्यावयाची नाही. लागले तर कर्ज घ्यावयाचे आणि ते फेडावयाचे, असे त्यांनी आरंभीच ठरविले. पापड लाटणारी प्रत्येक स्त्री ही तेथे नोकर नसून भागीदार आहे. नफा झाला तर तो तिचा, तोटा झाला तर तोही तिचाच. आज चाळीस हजारांहून अधिक भगिनी या उद्योगात आहेत. जसवंतीबेन यांना २०२१ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली.

प्रत्येकीला ऐंशी रुपये देणारा सज्जन भेटतोच असे नाही. अहमदाबादेतील भाजीवाल्या, जुने कपडे विकणाऱ्या आणि डोक्यावरून कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या स्त्रियांची अवस्था फार कठीण होती. सकाळी पन्नास रुपये घ्यावयाचे आणि संध्याकाळी पंचावन्न परत करावयाचे, अशी तेथील रीत. दिवसाला शेकडा दहा व्याज! हातगाडी भाड्याची, माल उधारीचा; दिवसभर उन्हात बसून जे मिळे त्यातले बरेचसे दुसऱ्याच्या घरी जाई. श्रीमती इला भट्ट या महात्माजींच्या प्रेरणेने निघालेल्या मजूर महाजनाच्या महिला विभागाचे काम पाहत असत. त्यांनी १९७२ मध्ये या स्त्रियांची ‘सेवा’ ही संघटना नोंदविली. नोंदणी करणारे अधिकारी म्हणाले, “या बायकांना मालकच नाही, मग यांची कामगार संघटना कशी?” त्यांना पटवून देण्यातच बराच काळ गेला.

१९६९ मध्ये मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि गरिबांना कर्जे द्या असा आदेश निघाला होता. ‘सेवा’च्या स्त्रिया बँकेत गेल्या. परंतु कडेवर मूल, अंगावर मळके लुगडे, अर्ज भरता येत नाही, हप्ता भरावयास यावे तर नेमकी बाजाराची वेळ. बँकेतील लोकांना त्यांचे अवघडल्यासारखे होई आणि या स्त्रियांना बँकेचे. शेवटी त्यांनी आपलीच बँक काढावयाचे ठरविले. प्रत्येकीने दहा रुपये याप्रमाणे चार हजार स्त्रियांनी भाग घेतले. नोंदणीच्या वेळी पुन्हा अडचण आली: प्रवर्तक स्त्रियांना सही करता येत नव्हती. तेव्हा त्या रात्रभर जागून आपापले नाव लिहावयास शिकल्या, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सह्या करून आल्या. मे १९७४ मध्ये सेवा बँक नोंदली गेली. अंगठा एकीचा दुसरीच्या नावावर खपू नये म्हणून खातेपुस्तकावर बाईचे छायाचित्र लावण्याची युक्ती काढण्यात आली. कितीकींच्या आयुष्यातील ते पहिलेच छायाचित्र असेल. शंभर वर्षांपूर्वी सुप्याच्या बाजारात अंगठ्याने ज्यांचा घात झाला त्यांची, आणि रात्रभर जागून सही गिरविणाऱ्या या स्त्रियांची, एकत्र आठवण झाल्यावाचून राहत नाही.

याच सुमारास आपल्या पूर्वेच्या शेजाऱ्यांकडे, बांगलादेशात, असाच प्रयत्न सुरू झाला. १९७४ मध्ये तेथे मोठा दुष्काळ पडला होता. चितगाव विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस जवळच्या जोब्रा गावात हिंडत असता त्यांना बांबूची मोडे विणणारी एक स्त्री भेटली. बांबू घेण्यापुरते पैसे ती व्यापाऱ्याकडून उसने घेई, आणि त्या बदल्यात मोडे त्यालाच, तो देईल त्या भावाने विकावे लागे. दिवसाकाठी तिच्या हाती आठ-चार आण्यांपलीकडे काही राहत नसे. गावात अशी किती माणसे आहेत याची त्यांनी यादी करविली. बेचाळीस निघाली, आणि सर्वांची मिळून गरज होती ८५६ टका. प्राध्यापकांनी ती रक्कम पदरची दिली. मग ते बँकेत गेले. बँकेने तारण मागितले. तेव्हा ते स्वतः जामीन राहिले. १९८३ मध्ये ग्रामीण बँक ही स्वतंत्र बँक झाली. पुढे तिचे बहुतेक भाग कर्जदारांच्याच मालकीचे झाले, आणि कर्जदारांत दहापैकी नऊहून अधिक स्त्रिया झाल्या. पाच-पाच जणींचा गट, आठवड्याची बैठक, लहान हप्ता, अशी तिची पद्धत. बाईच्या हाती पैसा आला की तो आधी मुलांच्या पोटात जातो, असा त्यांचा अनुभव. २००६ मध्ये युनूस आणि ग्रामीण बँक यांना मिळून शांततेचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आपल्या महाराष्ट्रातील भगिनीही मागे नव्हत्या. १९७५ मध्ये श्रीमती प्रेमा पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावात अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका वाण्याच्या आणि सावकाराच्या देण्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या असत. त्यांना एकमेकींचे जामीन करून बँकेकडून कर्ज मिळवून देण्याचे काम या मंडळाने केले. साताऱ्याच्या माण तालुक्यात, दुष्काळी म्हसवडला, चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे. लोहारकाम करणारी एक बाई पावसाळ्यात झोपडीवर घालावयास ताडपत्री घेता यावी म्हणून दोन पैसे साठवू इच्छीत होती, आणि रक्कम फार लहान म्हणून तिला कोणी खाते उघडून देईना. म्हणून या स्त्रियांनी बँकेसाठी अर्ज केला. बायका अशिक्षित आहेत म्हणून तो परत आला. काही महिने वर्ग चालवून, लिहावयास शिकून त्या पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, की तुम्ही कोणतीही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो; तुमच्या माणसांनी यंत्राशिवाय काढून दाखवावे. परवाना मिळाला!

येथवर ही गोष्ट ऐकून कोणासही वाटेल की प्रश्न सुटला. परंतु इतिहास लिहावयाचा तर पुढचे पानही उलटले पाहिजे.

गरीब बाई कर्ज बुडवीत नाही, ही गोष्ट एकदा सिद्ध झाली, आणि ती ज्यांच्या कानी पडावयास नको होती त्यांच्याही कानी पडली. संयुक्त राष्ट्रांनी २००५ हे वर्ष ‘सूक्ष्म पतपुरवठ्याचे वर्ष’ म्हणून पाळले, आणि त्याच सुमारास मोठमोठे भांडवलदार या धंद्यात उतरले. मेक्सिकोत कॉम्पार्तामोस नावाची एक संस्था परोपकारासाठी निघाली होती. तिने नफ्याचा मार्ग धरला आणि २००७ मध्ये तिचे भाग बाजारात विकले गेले. तिच्या कर्जदार स्त्रिया वर्षाला शेकडा ऐंशीहून अधिक व्याज भरीत होत्या. आपल्याकडे २०१० च्या उन्हाळ्यानंतर हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीचे भाग शेअरबाजारात आले आणि ते घेण्यासाठी झुंबड उडाली. त्याच वर्षी आंध्र प्रदेशातील खेड्यांतून निराळ्याच बातम्या येऊ लागल्या. एकाच बाईला तीन-तीन, चार-चार कंपन्यांनी कर्जे दिली होती. एकीचा हप्ता दुसरीचे कर्ज काढून भरला जाई. वसुलीची माणसे दारात ठाण मांडून बसत. गटातील बायकांनाच थकलेल्या बाईच्या दारी धरणे धरावयास लावीत. काहींनी आपले आयुष्य संपविले. ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढला, वसुली थांबली, कित्येक कंपन्या बसल्या. रिझर्व्ह बँकेने मालेगाम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि जानेवारी २०११ मध्ये तिने सुचविले की दोनाहून अधिक कंपन्यांनी एका बाईला कर्ज देऊ नये, आणि व्याजाला मर्यादा असावी.

ज्या पाच जणींच्या गटाने जोब्रात तारणाची जागा घेतली, त्याच गटाचा येथे फास झाला, हे कसे? दोन्हीकडे गट होता, आठवड्याचा हप्ता होता, वसुलीची टक्केवारीही उत्तम होती. बाहेरून पाहणाऱ्यास फरक दिसला नसता. फरक होता तो मालकीत आणि ओळखीत. रायफायझेनच्या पेढीत कर्ज देणारा कर्जदाराच्या शेजारी राहत होता आणि शिल्लक गावाच्या गंगाजळीत पडत होती. सेवा बँकेच्या मालकिणी भाजीच्या टोपल्या घेऊन बाजारात बसत होत्या. आंध्रातील कंपनीच्या भागधारकाला मात्र कर्जदार बाईचे नावही ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक होता तो फक्त भागाचा भाव. ओळखीच्या बळावर दिलेल्या कर्जातून ओळखच काढून घेतली, की मागे राहते ती नुसती भीड आणि भीती. सावकार निदान जमिनीवर टाच आणी. या नव्या सावकारीने शेजारधर्मावरच टाच आणली.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. लहान कर्जाने दारिद्र्य हटते काय, याचा पद्धतशीर शोध अलीकडे घेण्यात आला. हैदराबादच्या वस्त्यांतून अभिजित बॅनर्जी, एस्तर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी पाहणी केली. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अभिजित यांच्या मातोश्री, अर्थशास्त्रज्ञ निर्मला बॅनर्जी, या माहेरच्या पाटणकर, हे वाचून आपल्याला कौतुक वाटेल. २०१५ मध्ये भारत, मेक्सिको, मोरोक्को, इथिओपिया, मंगोलिया आणि बॉस्निया अशा सहा देशांतील अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. निष्कर्ष सौम्य होता. ज्यांचा आधीच लहानसा धंदा होता त्यांना कर्जाने हातभार लागला. खर्चाची ओढाताण थोडी सावरता आली. परंतु सरासरीने पाहता घराची मिळकत एकाएकी वाढली असे आढळले नाही. म्हणजे पत ही औषध खरी, पण रामबाण नव्हे. शिक्षण नाही, आजारपणाला आधार नाही, मालाला गिऱ्हाईक नाही, अशा बाईला केवळ कर्ज देणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला लांब दोर देण्यासारखे आहे. तिला कित्येकदा कर्जापेक्षा बचतीची सुरक्षित जागाच अधिक हवी असते. म्हसवडच्या त्या बाईने आधी कर्ज मागितले नव्हते. आपले पैसे ठेवावयास जागा मागितली होती.

मग या साऱ्या खटाटोपाचे सार काय? मोठे प्रश्न मोठ्या माणसांनीच सोडवावयाचे असतात, असा आपला समज असतो. येथे एक खेडेगावचा अधिकारी, त्याची मुलगी, सात गृहिणी, भाजीवाल्या, खाणावळवाल्या यांनी आपापल्या जागी हात घातला, आणि त्यांच्या कामाने जगाला वाट दाखविली. परंतु ती वाट सरळ राहिली ती हिशेब चोख आणि मालकी आपली होती तोवरच. दानावर उभे राहिलेले काम दात्याचा उत्साह संपला की बसले. नफ्यावर उभे राहिलेले काम कर्जदाराच्या उरावर बसले. या दोहोंच्या मधली वाट अरुंद आहे, आणि तिच्यावरून चालणाराला रोज पायांकडे पाहावे लागते.

आज आपल्या राज्यात गावोगावी आणि वस्तोवस्ती बचत गट आहेत. १९९२ पासून नाबार्डने अशा गटांना बँकांशी जोडण्याचे काम चालविले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळानेही पुष्कळ गट उभे केले. आपल्या मंडळातील कितीतरी भगिनी अशा गटांत आहेत, भिशी लावतात, पापड-मसाल्यांचे लहान उद्योग करतात. आणि आपल्याच वस्तीत, दुपारच्या वेळी, पुरुषमाणसे घरी नसताना, ‘ताई, पाच जणी जमवा, लगेच कर्ज देतो’ असे म्हणत येणारी माणसेही आहेत. अशा वेळी अर्जावर सही करण्यापूर्वी काही साध्या गोष्टी विचारून घ्याव्या. व्याज वर्षाचे किती, हे आकड्यात सांगा. नफा झाला तर तो कोणाच्या घरी जातो, हेही सांगा. आणि माझी शेजारीण आजारी पडून तिचा हप्ता चुकला, तर तुम्ही मला तिच्या दारी काय करावयास पाठविणार आहात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नीट न मिळाले तर त्यांना नम्रपणे निरोप द्यावा. त्या बाईच्या दारी आपल्याला जावयाचेच आहे. पण ते भाकरी-आमटीचा डबा घेऊन.